द्रवस्फटिकांतील रेषा आणि त्यांचा अर्थ



दिसते ते नोंदविणे आणि दिसते त्याचा अर्थ लावणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. पुष्कळदा पहिल्यानंतर दुसरे काम पुरे होण्यास बरीच वर्षे जातात. आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी विज्ञानाच्या इतिहासातील असेच एक लहान प्रकरण निवडले आहे. द्रवस्फटिकाच्या पातळ थरात वीज सोडली असता ज्या समांतर रेषा उमटतात, त्यांचे हे प्रकरण आहे.

द्रवस्फटिकांचा शोध 1888 सालचा. प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिख राइनित्झर यांना एक पदार्थ दोनदा वितळताना आढळला. 145.5 अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि 178.5 अंशांना तो द्रव नितळ झाला. त्यांनी तो ओटो लेमान यांच्याकडे पाठविला. ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली लेमान यांना दिसले की, हा गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा. त्याचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. नेमॅटिक प्रकारात लांबट रेणू जागा बदलत राहतात, पण त्यांची दिशा साधारण एकच राहते.

पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन येथील आर.सी.ए. कंपनीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड विल्यम्स यांनी असा द्रव दोन पारदर्शक विद्युत्-अग्रांमध्ये ठेवला. विद्युत् दाब काही व्होल्टपर्यंत वाढविताच थरात नियमित अंतरावर रेषा उमटल्या. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी त्यांना ‘डोमेन’, म्हणजे प्रांत, असे नाव दिले. लोहचुंबकात जसे चुंबकत्वाचे प्रांत असतात, तसे येथे विद्युतीय प्रांत असावेत, हा तर्क त्या काळी स्वाभाविकच होता. निरीक्षण अचूक होते, परंतु रेषांचे कारण वेगळे निघाले.

ते कारण एडवर्ड कार आणि वोल्फगांग हेलफ्रिश यांनी 1969 च्या सुमारास स्पष्ट केले. अशा नेमॅटिक द्रवात वीज रेणूंच्या लांबीच्या दिशेने अधिक सुलभतेने वाहते. रेणूंच्या ओळी कोठे किंचित वाकल्या की प्रवाह तिरका होतो आणि धन व ऋण भार आलटून पालटून साचतात. विद्युत् क्षेत्र या भारांना ओढते, त्यांच्याबरोबर द्रव हलतो आणि हलणारा द्रव रेणूंना आणखी वाकवितो. द्रवाची लवचिकता या वाकण्यास विरोध करते, म्हणून ठराविक विद्युत् दाबाखाली काहीच घडत नाही. त्या उंबरठ्यापलीकडे मात्र संपूर्ण थर समांतर भोवऱ्यांच्या ओळींत विभागला जातो. चुलीवरच्या पाण्यात उष्णतेमुळे अभिसरण होते, तसेच हे विजेने चालणारे अभिसरण होय. थराची जाडी दुप्पट केली तरी उंबरठ्याचा विद्युत् दाब जवळजवळ तोच राहतो, हे त्याचे वैशिष्ट्य.

मग रेषा कशाच्या? माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग येथे आहे. रेणू आलटून पालटून झुकल्यामुळे थराचा अपवर्तनांक जागोजागी बदलतो आणि थर भिंगांच्या रांगेसारखा वागतो. उजळ रेषा म्हणजे त्या भिंगांनी एकत्र आणलेला प्रकाश. 1970 साली पेन्झ यांनी हा संबंध दाखविला. त्याची कसोटीही सोपी आहे. येणारा प्रकाश रेणूंच्या मूळ दिशेत ध्रुवित असेल तर रेषा दिसतात. ध्रुवणाची दिशा 90 अंशांनी फिरविली की त्या नाहीशा होतात, कारण त्या प्रकाशाला अपवर्तनांकातील फरक जाणवतच नाही. द्रव मात्र आत फिरतच असतो.

विद्युत् दाब आणखी वाढविला की सुबक भोवरे मोडतात, संक्षोभ माजतो आणि थर दुधाळ होतो. आर.सी.ए. मधीलच जॉर्ज हाइलमायर यांनी 1968 साली यावर आधारलेले आकडे दाखविणारे पटल जगासमोर मांडले. शार्प कंपनीच्या 1973 सालच्या खिशात मावणाऱ्या गणकयंत्रात तेच तंत्र होते. पण त्याचे आयुष्य अल्प ठरले. बाझल येथे शाट आणि हेलफ्रिश यांनी 1970-71 मध्ये पीळ दिलेल्या नेमॅटिक थराची पद्धत शोधली. तिला वीज फारच कमी लागे, म्हणून बाजारात तीच टिकली. ज्या हेलफ्रिश यांनी भोवऱ्यांचे कोडे उलगडले, त्यांच्याच हातून भोवऱ्यांवर चालणारे पटल मागे पडले.

बाजाराने सोडलेला हा विषय प्रयोगशाळांनी मात्र जपला. जर्मनीतील बायरॉइट येथे 1989 ते 1991 या काळात छायाचित्रणाच्या पद्धतीने हे आकृतिबंध मोजण्यात आले. उंबरठ्याच्या अलीकडे, रेणूंच्या उष्णताजन्य चळवळीने क्षणभर उमटणाऱ्या पुसट रेषाही तेथे टिपल्या गेल्या. 2007 साली जपानमध्ये ताकेउची आणि सानो यांनी याच दुधाळ संक्षोभात साथीच्या रोगासारख्या पसरणाऱ्या घटनांचे एक जुने सैद्धांतिक भाकीत प्रयोगाने पडताळून दाखविले.

आपल्या देशातही द्रवस्फटिकांच्या अभ्यासाची मोठी परंपरा आहे. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत प्रा. शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1977 साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.

विल्यम्स यांनी दिलेले ‘डोमेन’ हे नाव ग्रंथांत अजून रूढ आहे. त्यामागचा तर्क मागे पडला, तरी त्यांनी नोंदविलेली रेषा टिकली. विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे की, वहीत आधी दिसले ते प्रामाणिकपणे लिहावे, आणि मग ध्रुवणाची दिशा एकदा फिरवून पाहावी.