पाटील, पटेल आणि पाटोळे : न्यूयॉर्कमधल्या गुन्ह्यांच्या नोंदींची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या घरातून करतो.

माझा मामेभाऊ न्यूयॉर्क राज्यात असतो. मी त्याला दादा म्हणतो. मध्यंतरी एका रात्री त्याचा फोन आला. नवी नोकरी पक्की झाली म्हणून त्याने जुनी सोडलेली, आणि नेमका तेव्हाच बॅकग्राउंड चेकचा रिपोर्ट आला. रिपोर्टमध्ये काय, तर 2009 साली दुसऱ्याच एका काउंटीमध्ये झालेली शिक्षा. गुन्हा किरकोळ, नाव मात्र हुबेहूब दादाचं. 2009 साली दादा सांगलीत बारावीचे क्लास करत होता!

एच-वन-बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी सुटली की नवीन मालक शोधायला जास्तीत जास्त 60 दिवस मिळतात. आणि रिपोर्टमधली चूक तपासायला त्या चेक करणाऱ्या कंपनीला कायद्याने साधारण 30 दिवस मिळतात. म्हणजे हिशोब तुम्हीच करा. मामींना यातलं काहीच सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि न्यूयॉर्कच्या रेकॉर्डचा शोध घेता घेता थेट कलकत्त्याला पोचलो.

थांबा, सांगतो.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जगभरच्या पोलिसांना एकच प्रश्न छळत होता. हा माणूस आधी पकडला गेलाय का? नाव तर कोणीही खोटं सांगतो. फ्रान्समध्ये बर्टिलॉन नावाच्या गृहस्थाने शरीराची मापं घ्यायची पद्धत काढली. डोक्याची लांबी, बोटाची लांबी, वगैरे. न्यूयॉर्कच्या तुरुंग खात्यानेही ती उचलली. पण मापं घेणारा बदलला की आकडे बदलायचे.

उत्तर निघालं बंगालमध्ये. बोटांचे ठसे प्रत्येकाचे वेगळे असतात हे तोवर माहीत होतं. अडचण होती ती शोधण्याची. हजारो कार्डांतून एक कार्ड काढायचं कसं? अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं. दहा बोटांवरच्या नक्षीवरून एक आकडा काढायचा, आणि त्या आकड्याच्या कप्प्यात कार्ड ठेवायचं. कप्पे किती? 1024! कोडिंग करणाऱ्यांनो, आकडा ओळखीचा वाटतोय ना? हे सरळसरळ हॅश टेबल आहे, कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीचं. 1897 साली कलकत्त्यात ठशांचं कार्यालय सुरू झालं. पद्धतीला नाव मात्र लागलं साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं. 1901 मध्ये ती लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेली.

आणि 1902 मध्ये न्यूयॉर्कला. तिथे ती पहिल्यांदा वापरली चोरांसाठी नाही, तर सरकारी नोकरीच्या परीक्षेत डमी उमेदवार बसू नयेत म्हणून! आपल्याकडच्या भरती परीक्षा आठवल्या ना? दुसऱ्याच वर्षी, 1903 मध्ये, राज्याच्या तुरुंगांत कैद्यांचे ठसे घ्यायला सुरुवात झाली.

आता उडी मारूया 14 नोव्हेंबर 1957 वर. न्यूयॉर्क राज्यातलं अपलेकिन नावाचं छोटंसं गाव. एडगर क्रॉसवेल या राज्य पोलिसाला दिसलं, की जोसेफ बार्बरा नावाच्या माणसाच्या घरासमोर भल्यामोठ्या महागड्या गाड्यांची रांग लागलीय. देशभरातले माफिया तिथे जमले होते. पोलीस दिसताच सुटाबुटातली मंडळी रानात पळाली. साठेक जण हाती लागले. पुढे 20 जणांना शिक्षा झाली, पण 1960 मध्ये अपिलात तीही रद्द झाली. एकत्र जमणं हा काही गुन्हा होत नाही.

या प्रकरणाने सरकारचं एक दुखणं मात्र उघडं पडलं. या लोकांची माहिती होती, पण ती वेगवेगळ्या कार्यालयांच्या फायलींत विखुरलेली. एकाचं दुसऱ्याला ठाऊक नाही. म्हणून 1965 मध्ये न्यूयॉर्कने सगळी माहिती कॉम्प्युटरवर एकत्र आणणारी यंत्रणा उभारली, एनवायएसआयआयएस. 1972 मध्ये ती फौजदारी न्याय सेवा विभागात विलीन झाली. राज्याचं गुन्हे-रेकॉर्ड आजही हाच विभाग सांभाळतो.

कॉम्प्युटर आला तसा नावांचा घोळही आला. स्पेलिंग थोडं चुकलं की माणूस सापडेना. म्हणून 1970 मध्ये या यंत्रणेने उच्चारावरून नावाचा कोड काढायची रीत बनवली. ढोबळमानाने सांगायचं तर मधले सगळे स्वर एकसारखे 'ए' करायचे आणि शेवटचा 'ए' गाळायचा. मी तिचा छोटा प्रोग्राम लिहिला आणि आपली आडनावं टाकून पाहिली. पाटील? कोड आला पी-ए-टी-ए-एल. पटेल? पी-ए-टी-ए-एल. पाटोळे? तोच! तीन आडनावं, तीन वेगळी घराणी, आणि मशीनला एकच माणूस.

रीत वाईट नाही. तिचं काम आहे कोणी निसटू नये हे बघणं. निसटू नये म्हणून जाळं मोठं केलं, की नको तेही अडकतात. म्हणून नाव जुळणं ही चौकशीची सुरुवात असते, निकाल नाही. खात्री पटते ती ठशांनी. दादाच्या रिपोर्टमध्ये ती पायरीच नव्हती. खासगी कंपनीने नाव जुळवलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. जन्मतारखेचा रकाना चक्क रिकामा!

मग दादाने काय केलं? नीट ऐका, कारण न्यूयॉर्कमध्ये कागद दोन प्रकारचे असतात आणि लोक ते एकच समजतात.

पहिला, न्यायालयांच्या प्रशासनाकडून मिळणारा. राज्याच्या सगळ्या 62 काउंट्यांमधला शोध. फी 95 डॉलर. कोणीही कोणाचाही मागवू शकतो, पण नाव आणि जन्मतारीख तंतोतंत जुळावी लागते. सीलबंद खटले यात दिसत नाहीत.

दुसरा, त्या न्याय सेवा विभागाकडचा. याला बोलीत 'रॅप शीट' म्हणतात. हा ठशांवर चालतो, आणि स्वतःचा स्वतःलाच, किंवा आपल्या वकिलाला मागता येतो. यातही दोन पर्याय आहेत: सीलबंद नोंदींसकट किंवा त्या वगळून. राज्याबाहेर राहणाऱ्यांना ठशांचं कार्ड पोस्टाने पाठवता येतं.

याशिवाय एखादा खटला खरंच झाला असेल, तर त्याचा निकाल काय लागला याचा दाखला त्याच न्यायालयाच्या लिपिकाकडून घ्यायचा.

दादाने दोन्ही मागवले. दोन्हीकडे उत्तर एकच, नोंद नाही. ते कागद जोडून त्याने कंपनीकडे लेखी हरकत घेतली. 23व्या दिवशी रिपोर्ट दुरुस्त झाला आणि नोकरी वाचली. मामींना तेव्हा कुठे सांगितलं. आधी रडल्या, मग दादाला भरपूर ऐकवलं.

फोनवर आम्ही हसलो. 'अरे, तो मी नव्हेच!' वगैरे झालं. पण फोन ठेवल्यावर मला तो दुसरा माणूस आठवला. 2009 चा. त्याला 'तो मी नव्हेच' म्हणता येत नाही. इतक्या वर्षांपूर्वीच्या एका किरकोळ गुन्ह्यासाठी तो आजही प्रत्येक अर्जाच्या वेळी घाबरत असेल.

न्यूयॉर्कने त्याचाही विचार केलाय, टप्प्याटप्प्याने. 1976 पासून, खटला निर्दोष सुटला किंवा रद्द झाला तर नोंद सील होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने मालकाला आठ गोष्टी तपासायला लावल्या: गुन्हा किती जुना, तेव्हा वय काय, कामाशी त्याचा संबंध काय, इत्यादी. 2017 मध्ये जुन्या शिक्षाही अर्ज करून सील करता येऊ लागल्या. आणि 16 नोव्हेंबर 2024 पासून 'क्लीन स्लेट' कायदा लागू झाला. किरकोळ गुन्ह्याला 3 वर्षं, गंभीरला 8 वर्षं, त्या काळात नवा गुन्हा नको. अर्जही करावा लागत नाही. लैंगिक गुन्हे आणि बहुतेक सर्वांत गंभीर गुन्हे मात्र वगळलेत. जुन्या नोंदी सील करायला न्यायालयांना नोव्हेंबर 2027 पर्यंत मुदत आहे.

पण तिकडे असणाऱ्या आपल्या मंडळींनी एक गाठ बांधून ठेवा. सील म्हणजे पुसलं असं नाही. पोलिसांना ते दिसतं. नागरिकत्वाच्या अर्जात तर सीलबंद अटकही सांगावीच लागते, आणि लपवणं हे मूळ गुन्ह्यापेक्षा महागात पडू शकतं.

शंभराहून जास्त वर्षं सरकारने एकच गोष्ट शिकण्यात घालवली: माणूस लक्षात कसा ठेवायचा. विसरायचं कसं, ते आत्ता कुठे शिकतंय. आपण कोड लिहिणारे लोक. डेटाबेसमधल्या रांगेमागे कोणाची तरी आई झोपेविना बसलेली असते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुष्कळ.

चला, भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!