कुलाब्याचं अफगाण चर्च मध्ययुगीन इंग्लंडमधलं का वाटतं?

मुंबईत कुलाब्याच्या टोकाला नेव्ही नगरजवळ एक उंच, निमुळता मनोरा दिसतो. हे अफगाण चर्च. अधिकृत नाव सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट. अफगाणिस्तान आणि सिंधच्या मोहिमांमध्ये (१८३८-४३) मेलेल्या सैनिकांचं हे स्मारक. पायाभरणी १८४७ मध्ये झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेसाठी खुलं झालं.

मग शैली इतकी जुनी का?

पुण्याच्या कॅम्पमधलं सेंट मेरीज चर्च १८२५ चं. त्यानंतर इंग्लंडचं वारं बदललं. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने आग्रह धरला की, चर्च मध्ययुगात बांधायचे तसंच बांधावं. अफगाण चर्चचा आराखडा केला हेन्री कोनीबेअर यांनी. मुंबईला विहार तलावाचं पाणी देणारी योजना आखणारे इंजिनिअर तेच. त्यांनी तेराव्या शतकातल्या इंग्लिश गॉथिक शैलीचा आधार घेतला.

आत काय बघाल?

* टोकदार कमानी: गोल कमानीपेक्षा या भिंतींना बाहेरच्या बाजूला कमी रेटतात. त्यामुळे बांधकाम उंच नेता येतं.
* नेव्ह: मधला लांब भाग. लोक इथे बसतात. देवळातल्या सभामंडपासारखा.
* चॅन्सेल: वेदीचा भाग, म्हणजे साधारण गाभारा. मध्ययुगात ही जागा धर्मगुरूंची असे.
* मनोरा: इंग्लंडच्या गावात प्रार्थनेची वेळ आणि कुणाच्या मृत्यूची बातमी चर्चच्या घंटेवरून कळायची. इथला मनोरा सुमारे १९८ फूट उंच असून तो १८६५ मध्ये पूर्ण झाला. बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी तो खूण होता. आठ घंटा इंग्लंडमधल्या टेलर कारखान्यात ओतलेल्या आहेत.

नावं कोणाची?

चॅन्सेल ही चर्चमधली सर्वात मानाची जागा. तिथल्या भिंतींवर मेलेल्या लष्करी अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या शिपायांची नावं मात्र नाहीत. त्याचं कारण स्मारकलेखातच दिलंय: ते इतके होते की, सगळ्यांची नोंद करणं शक्य नव्हतं. तलवारीने मेलेल्यांसोबत आजाराने गेलेल्यांचाही त्यात उल्लेख आहे.

चर्च बघायला गेलात, तर मनोऱ्याचा फोटो काढून झाल्यावर हा लेखही वाचा.