विजेच्या तारांचे सांधे

घराघरांतून विजेचा दिवा कसा आला हें सांगतांना एडिसनचें नांव निघतें. परंतु भिंतीआड दोन तारा एकमेकींस जोडल्या कशा, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. वास्तविक वीज दगा देते ती बहुधा तारेंत नव्हे, सांध्यांत. ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञानें १८४१ सालीं सिद्ध केलें कीं, तारेंत उत्पन्न होणारी उष्णता तिच्या विरोधाच्या आणि प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. सांधा ढिला पडला म्हणजे तेवढ्या एका ठिकाणींच विरोध वाढून धग सांचते. फ्यूज मात्र मुकाट्यानें पाहत राहतो, कारण प्रवाह कांहीं वाढलेला नसतो!

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत व कॅनडांत कारागीर तारांचीं टोंकें खरवडून साफ करीत, त्यांस पीळ घालीत, राळ लावून कथील-शिशाचा डाख देत आणि वर रबराची व कापडाची पट्टी गुंडाळीत. सांधा उत्तम होई. पण त्यासाठीं शिडीवर चढून, छताच्या लांकडालगत वितळता डाख सांभाळावा लागे. आगीपासून घर वाचविण्यासाठीं घरांत आगच न्यावयाची असा हा प्रकार होता. स्कॉटलंडहून कॅनडांत आलेला विल्यम मार हा ओंटारिओ प्रांतांत घरांतून तारा घालण्याचें काम करी. त्यानें १९१४ सालीं डाखावांचून, केवळ दाबानें तारा घट्ट धरणारी जोडणी तयार केली. पुढें आंतून आटे असलेली टोपीहि प्रचारांत आली. प्रवाह बंद करून उघडीं टोंकें एकत्र धरावीं, टोपी फिरवून आवळावी, बाहेर तांबें दिसूं नये, एवढेंच काम. कॅनडांत अशा टोपीला आजहि 'मॅरेट' म्हणतात.

तथापि टोपी म्हणजे मंत्र नव्हे. कोणत्या टोपींत किती जाडीच्या किती तारा बसतात हें ठरलेलें असतें; अधिक कोंबल्यास मधली एखादी सैल राहते. स्विचच्या एकाच स्क्रूखालीं तीन-चार तारा दडपण्यापेक्षां त्या पेटींत एकत्र जोडून एकच तुकडा स्विचकडे नेणें शहाणपणाचें. सांधा झांकणाच्या पेटींतच असावा हा दंडकहि पडला तो याचसाठीं, कीं तो तापला तरी ठिणगी लांकडापर्यंत जाऊं नये.

१९६५ च्या सुमारास तांबें महागलें आणि अमेरिकेंत घरांसाठीं अॅल्युमिनियमच्या तारा आल्या. १९७३ पर्यंत सुमारें २० लक्ष घरांत त्या पोंचल्या. हवा लागतांच या धातूवर वीज न वाहणारें पातळ पटल चढतें. तापल्यावर तो पोलादी स्क्रूच्या जवळजवळ दुप्पट फुगतो, निवल्यावर आखडतो, आणि दाबाखालीं हळूहळू सरकून सैल पडतो. १९७४ च्या एप्रिलमध्यें न्यूयॉर्क राज्यांतील हॅम्प्टन बेज येथें एका घरास आग लागून दोन माणसें मरण पावलीं. चौकशींत दोष निघाला तो प्लगच्या खोक्यांतील अॅल्युमिनियमच्या सांध्याचा. अमेरिकन सरकारच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानें केलेल्या पाहणींत तर १९७२ पूर्वीं अशा तारा घातलेल्या घरांत एखादा तरी सांधा आगीच्या धोक्यापर्यंत तापण्याचा संभव तांब्याच्या घरांपेक्षां ५५ पट आढळला.

भिंती फोडून सगळी तार बदलणें हा मार्ग खर्चाचा. म्हणून दुसरा उपाय निघाला: प्रत्येक पेटी उघडून अॅल्युमिनियमच्या टोंकास तांब्याचा आंखूड तुकडा खास यंत्रानें दाबून जोडावयाचा, व तो तुकडाच स्विचला लावावयाचा. हें यंत्र मात्र शिकून तयार झालेल्या कारागिराच्याच हातीं दिलें जातें.