बाळाला कोण विचारणार?

आमच्या पाथर्डीच्या वाड्यावस्त्यांवर आशाताई बाळंतिणीच्या घरी येतात. बाळाचे वजन करतात, ताप बघतात, अंगावर पाजण्याबद्दल सांगतात. २०११ पासून देशभर सुरू झालेल्या या गृहभेटींचे मूळ गडचिरोलीत आहे. त्या कथेत नीतीचा एक अवघड प्रश्नही आहे.

बाळांची काळजी सुधारायची, यात कसली आली अनीती? पण नुसता हेतू चांगला असून भागत नाही. १९४० च्या दशकात पाश्चात्त्य रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सढळ हाताने प्राणवायू देऊ लागले. त्यात हजारो बाळे आंधळी झाली. १९५३-५४ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी तुलना करून पाहिली, तेव्हा कुठे दोष प्राणवायूच्या अतिरेकाचा आहे हे पक्के झाले. मग तो सरसकट कमी केला, तर त्यानेही बाळे दगावली! दोन्ही वेळा आई-बापांना कुणी विचारले नव्हते.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत हे काम मांडले. ४७ गावे तुलनेसाठी होती. गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना बाळ तपासायला, ऊब द्यायला, गुदमरलेल्या बाळाला श्वास द्यायला शिकवले. जंतुदोष दिसला तर जेंटामायसिनचे इंजेक्शनसुद्धा! डॉक्टर नसलेल्या बाईच्या हाती सुई? पण आधी दवाखान्यात न्यायला सांगत. घरचे तयार नसतील, तरच त्यांच्या संमतीने घरी उपचार.

१९९७-९८ मध्ये या गावांत हजारी सुमारे २५ नवजात बाळे दगावली, तुलनेच्या गावांत सुमारे ६०. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आले.

मग त्या ४७ गावांतल्या बाळांचे काय? तिथे सरकारी सेवा चालू होती, आणि नवा उपाय लागू पडेल हे आधी ठाऊक नव्हते, हे खरे. तुलना केली नसती तर देशाने हा उपाय स्वीकारलाही नसता. तरी तो ६० चा आकडा मला नुसता आकडा म्हणून वाचवत नाही.

माझ्या मते सुधारणा करणाऱ्याने तीन गोष्टी पाळाव्यात. आई-बापांना विचारावे. यश-अपयश प्रामाणिकपणे मोजावे. आणि जे शिकलो ते, ज्यांना आधी मिळाले नाही, त्यांच्या दारी न्यावे. आशाताईची पिशवी हे त्या बाळांचे ऋण आहे. ती औषधाविना रिकामी राहिली, तर ते ऋण आपण बुडवले असेच म्हणावे लागेल.