छापील चित्र आणि प्रदर्शनाची पुस्तिका

महाराष्ट्रात सामान्य माणूस चित्र विकत घेऊ लागला तो कलादालनात नव्हे, तसबिरींच्या दुकानात. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुण्यात चित्रशाळा काढली आणि नाना फडणवीस, रामपंचायतन अशी रंगीत शिळाछापाची चित्रे बाजारात आणली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत जर्मन यंत्रे आणि कारागीर आणून छापखाना घातला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला चुनखडीचा वेगळा दगड लागे. तेलकट शाईने काढलेल्या आकृतीवर छपाईची शाई चढे, ओल्या दगडाचा बाकी भाग तिला झिडकारी. कागद जरासा सरकला तरी ओठांचा लाल रंग गालावर उतरे. इतक्या कष्टांनी छापलेली लक्ष्मी-सरस्वती घरोघरी देव्हाऱ्याजवळ लागली, आणि कित्येक घरांत बायकांनी तिच्या पातळावर जर आणि टिकल्या शिवल्या.

 कलादालनांपासून दूर असलेल्या तालुक्याच्या गावांना नवी चित्रे भेटली ती कॅलेंडरांतून आणि दिवाळी अंकांतून. चित्रकार दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. रघुवीर मुळगावकरांची देवदेवतांची चित्रे दुकानांच्या भिंतींवर वर्षभर राहिली. अंकातले रंगीत पान कापून काच बसवून घेणे हीदेखील चित्रखरेदीच होती, आणि तिला कमी लेखण्याचे कारण नाही.

आधुनिक चित्रकलेची वाट निराळी. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी प्रदर्शने भरवत आली. तिच्या रॅम्पार्ट रोवरील दालनात १९४९ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचे प्रदर्शन झाले आणि त्याच्या पुस्तिकेत चित्रकार सूझा यांनी गटाची भूमिका मांडली. या गटात विदर्भाचा वाटा मोठा होता: ह. अं. गाडे अमरावती जिल्ह्यातले, तर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. १९५२ मध्ये जहांगीर कलादालन उघडले, १९६३ मध्ये त्याच इमारतीत गॅलरी केमोल्ड आली. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ललित कला अकादमीने चित्रकारांवरच्या छोट्या पुस्तिका आणि प्रतिकृतींचे संच काढले, त्यामुळे मूळ चित्र न परवडणाऱ्यालाही हुसेन किंवा हेब्बर घरी नेता आले.

दालनाच्या दुकानात पुढे दोन प्रकारची छापील चित्रे मिळू लागली आणि त्यांच्या किमतींत मोठी तफावत असते. प्रतिकृती म्हणजे मूळ चित्राच्या छायाचित्रावरून केलेली छपाई. तिच्या हव्या तितक्या प्रती निघतात. सेरिग्राफमध्ये रेशमी जाळीतून एकेक रंग हाताने दाबून उतरवतात. प्रतींची संख्या आधीच ठरते, आणि खालच्या कडेला पेन्सिलीने १२/१०० असा आकडा व चित्रकाराची सही असते. आकडा नसलेल्या किंवा सहीही छापलेल्या प्रतीला सेरिग्राफचा भाव देऊ नये.

पुस्तिका मात्र चित्रापेक्षा स्वस्त असूनही अधिक उपयोगी ठरते. प्रदर्शन संपले की चित्रे वेगवेगळ्या घरांत पांगतात. कोणते चित्र कोणत्या साली, कोणत्या आकारात, कोणत्या माध्यमात होते, हे एकत्र सांगणारा कागद बहुधा तेवढाच उरतो. चित्राच्या अस्सलपणाचा वाद उठला की जाणकार आधी जुनी पुस्तिका शोधतात. त्यामुळे रद्दीत सापडलेल्या जीर्ण प्रतीलाही आता संग्राहक मिळतो.