‘ओढ’ आणि ‘ढकल’

१. ओढ, ढकल : स्क्रीन प्रिंटिंगमध्ये ताणलेल्या जाळीतून शाई कापडावर उतरवणारी रबरी पट्टी म्हणजे स्क्विजी. ती अंगाकडे आणली की ओढ, समोर नेली की ढकल. ओढताना पट्टी कलते आणि मनगटावर ताण येतो. कल वाढला की शाईही जास्त उतरते. ढकलताना पट्टी बरीचशी उभी राहते, अंगाचा भार कामी येतो. अमरावती-अकोल्यात कापडी पिशव्या हाताने छापणाऱ्या कारागिराला हा फरक संध्याकाळी खांदाच सांगतो. स्वयंचलित यंत्रात मनगटाचा प्रश्न उरत नाही. दाब हवेच्या सिलिंडरचा असतो आणि पट्टीचा कोन आधीच बांधलेला, उभ्या रेषेपासून साधारण १० ते १५ अंश. म्हणून तिथे दिशेपेक्षा कोन, दाब आणि वेग यांचा मेळ महत्त्वाचा. परतीच्या फेरीत फ्लड बार जाळीवर शाईचा थर पसरवतो. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पाण्यावर आधारित शाई जाळीतच वाळते आणि बारीक अक्षरे बुजतात. फ्लड बारने पसरवलेला ओला थर मात्र जाळीची छिद्रे मोकळी ठेवतो. यंत्र मध्येच थांबवायचे तर थर पसरवूनच थांबवावे. — संपादक