सहोदराबाईंच्या हातातला तिरंगा

पोळा आणि गोटमार आटोपली की आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात गणपतीच्या मांडवांची धांदल सुरू होते. रस्त्यावर मांडव घालावा, माणसे जमवावीत, कुणी दोन शब्द बोलावेत, हे आज आपल्याला साधे वाटते. पण परवानगीवाचून चार माणसांनी जमणे आणि बोलणे हाच जिथे गुन्हा होता, असा मुलूख आपल्या वडीलधाऱ्यांच्या हयातीत होता. तो म्हणजे गोवा.

गोवा म्हटले की आपण साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता आठवतो. शेवटच्या तीसेक वर्षांतली राजवट मात्र निराळ्या जातीची होती. १९३२ मध्ये पोर्तुगालचा पंतप्रधान झालेल्या सालाझारने युरोपातल्या फॅसिस्ट वाऱ्याबरोबर आपली हुकूमशाही उभी केली. एकच पक्ष, गुप्त पोलीस आणि छापल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉर. गोव्यात लग्नपत्रिकासुद्धा तपासून घ्यावी लागे.

ही शांतता १८ जून १९४६ रोजी मडगावात मोडली. डॉ. राममनोहर लोहिया विश्रांतीसाठी मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या असोळण्याच्या घरी आले होते. त्या दिवशी भर पावसात माणसे जमली. लोहियांना लगेच अटक झाली, पण लोकांची भीती गेली ती गेलीच. पुढे त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्यावर लष्करी न्यायालयात खटला चालला आणि त्यांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडले. सालाझारला विरोध करणारे पोर्तुगीजही त्याच किल्ल्यात कोंडले जात. म्हणजे भांडण एका देशाच्या माणसांशी नव्हते. माणसांची तोंडे बंद करणाऱ्या राजवटीशी होते.

१९५५ मध्ये गोवा विमोचन सहायक समितीने सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्दीवर नेल्या. समितीचे काम पाहणाऱ्यांत जयंतराव टिळक होते. ज्या लोकमान्यांनी १८९३ पासून गणपतीला घरातून चौकात आणले, त्यांचे हे नातू. सेनापती बापट, नानासाहेब गोरे, मधु लिमये यांची नावे महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. पण १५ ऑगस्ट १९५५ च्या मोठ्या सत्याग्रहातली दोन नावे आपण, मध्य प्रदेशातल्या मराठी माणसांनी, आवर्जून सांगायला हवीत.

पहिले उज्जैनचे राजाभाऊ महाकाळ. गोळी लागून ते हुतात्मा झाले. दुसरे सागरच्या सहोदराबाई राय. हातात तिरंगा घेऊन त्या पुढे निघाल्या, गोळ्या लागून जबर जखमी झाल्या. पंजाबचे तरुण कर्नेलसिंग पुढे सरसावले आणि त्यांनी प्राण दिले. त्या दिवशी वीसहून अधिक माणसे मारली गेली. कुणाच्या हातात दगडही नव्हता. सहोदराबाई वाचल्या आणि १९५७ मध्ये सागरमधून लोकसभेवर निवडून आल्या.

तेव्हा सागर आणि आपला छिंदवाडा जिल्हा एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून गोव्याचा लढा म्हणजे महाराष्ट्राची गोष्ट, अशी आपली समजूत झाली. ती खरी नाही. सहोदराबाई आपल्याच राज्याच्या होत्या.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. खुद्द पोर्तुगालला मात्र २५ एप्रिल १९७४ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी सैनिकांनी उठाव केला. घरात थांबा, असे रेडिओ सांगत असताना लिस्बनचे लोक रस्त्यावर उतरले आणि सैनिकांच्या बंदुकांत त्यांनी फुले खोचली. त्या नव्या पोर्तुगालने त्याच वर्षाच्या डिसेंबरात गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले.

हे आज का आठवायचे? कारण अशी राजवट पहिल्याच दिवशी गोळी झाडत नाही. आधी सभा थांबते, मग वर्तमानपत्र, मग लग्नपत्रिका. आणि ज्याचे तोंड बंद झाले तो आपला नाही, म्हणून शेजारी गप्प बसतो. मडगावातले लोक गप्प बसले नाहीत. सागरची बाई तर शेकडो कोस दूर राहत होती, तरी गेली. आपल्याला न पटणारे बोलणाऱ्यालाही चौकात उभे राहता आले पाहिजे, एवढे जरी आपण सांभाळले तरी त्यांचे ऋण थोडेफार फिटेल.

यंदा आरतीनंतर मुले मांडवात बसलेली असतील, तेव्हा त्यांना सहोदराबाईंची गोष्ट जरूर सांगावी.